पायतो मी तुले

१४ ऑक्टोबर, सोमवार. अकोला

घेतलं! आमचं नाटक स्पर्धेत घेतलं! अकरावीला समास शिकवत होते, नाटकातल्या कुंदनचा फोन आला, मी 'एक मिनिट हं' म्हणून वर्गाबाहेर गेले आणि व्हरांड्यात चक्क उडी मारली. खिडकीतून पोरांनी पाहिलं. पाहू देत. तासिका तत्त्वावरच्या मास्तरणीला उडी मारायला कोणाची परवानगी लागत नाही.

७ डिसेंबर, अमरावती. तारीख ठळक लिहून ठेवते, कारण त्या दिवशी मी सूड घेणार आहे.

कोणावर, तेही लिहिते. गेल्या वर्षी याच स्पर्धेत माझं पहिलं नाटक झालं. सूडनाट्य, आणि तेही अस्सल वऱ्हाडीत. शेवटच्या प्रवेशात नायिका विळा घेऊन निघते आणि म्हणते, "त्याचा जीव घेऊनच वापस येतो मी." आणि सभागृह हसलं! बाई असून 'येतो' म्हणाली म्हणून हसलं. आता आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात. माझी आई म्हणते, हसणाऱ्यांच्या आयाही म्हणत असतील. पण रंगमंचावर वऱ्हाडी आली की लोकांना वाटतं, चला, आता विनोद येणार. नंतर परीक्षक वामनराव माईकसमोर उभे राहिले. अमरावतीचे निवृत्त प्राध्यापक, इस्त्रीचा झब्बा, इस्त्रीचीच भाषा. म्हणाले, "वऱ्हाडी ही हसवणारी बोली आहे. सुडाला भारदस्त भाषा लागते. लेखिकेने अभिजात साहित्य वाचावे." त्यावर टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून स्वतःची चप्पल पाहत बसले होते.

यंदाही परीक्षक वामनरावच आहेत. यंदाही माझी नायिका 'येतो'च म्हणणार आणि एकही माणूस हसणार नाही. एवढाच माझा सूड. पण पुरा घेणार.

नाटकाचं नाव 'उट्टं'. पाठवलेल्या संहितेतला शेवट मलाच पटलेला नाही, तो बदलायचा आहे. सुचेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार. पातूर

घरी आले. झेंडू दसऱ्याला चांगला गेला म्हणून आई खुशीत आहे. मी मात्र वैतागले आहे, कारण मला नायिकेसाठी सुडानं पेटलेली एखादी खरीखुरी बाई जवळून पाहायची आहे, आणि माझ्या वाट्याला आली आहे आई!

आमच्या या दुर्गाबाईंइतकी क्षमाशील बाई तालुक्यात सापडणार नाही. बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते. त्याच उन्हाळ्यात मोठेबाबांनी, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ नत्थुजी यांनी, सामाईक विहिरीवरची आमची पाण्याची पाळी बंद केली. मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं. आईने लावलेला कारल्याचा मांडव फुलावर आला होता, तो उभ्या उभ्या वाळून काड्या झाल्या. आमच्यात भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाई डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलत नाही. आईही लग्नापासून त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती त्या दिवशी विहिरीवर गेली आणि सगळ्या आळीदेखत बोट दाखवून म्हणाली, "पायतो मी तुले!"

भासऱ्याला अरेतुरे! मला अजून आठवतं, बाया पदर तोंडात धरून उभ्या होत्या. गावाला वाटलं, आता ही कोर्टात जाते की जेवणात काही कालवते. आणि आईने पुढे केलं काय? काही नाही. आमच्या कोपऱ्यात बोअर घेतली, भाजी लावली, मला शिकवलं, संपलं. असा फुसका शेवट!

आता मोठेबाबांना लकवा होऊन एक बाजू गेली आहे. मोठीआई आधीच वारली. त्यांचा मुलगा भगवंतदादा पुण्याला, तो रोज फोन करतो. मग ताट कोण नेतं? आमच्या आईसाहेब. दोन्ही वेळा. अजूनही डोक्यावर पदर, अजूनही थेट बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि दाराच्या चौकटीला सांगते, "जेवून घ्या म्हना." मोठेबाबांचंही तोंड वाकडं झालंय, शब्द फुटत नाहीत. दोघंही गप्प. ती तिथेच भिंतीला टेकून, ताट रिकामं होईपर्यंत बसून राहते.

आज कारल्याची भाजी होती. गेल्या खेपेलाही होती. मोठेबाबांना कारलं जन्मात आवडलं नाही, पण आई म्हणते, "साखरेच्या बिमारीले चांगलं असते." स्वतःच्या हाताने घास भरवत होती. अशा बाईकडून मी सूड काय शिकणार?

२३ ऑक्टोबर, बुधवार. अकोला

आज अमरावतीला जाऊन आले. वामनरावांचं व्याख्यान होतं, 'अभिजात साहित्यातील सूड'. शत्रूचा अभ्यास करावा म्हणून पहिल्या रांगेत बसले, डोळे वटारून.

पण म्हातारा काय बोलला! मी डोळे वटारायचं विसरले. केस मोकळे ठेवून वर्षानुवर्षं वाट पाहणारी राणी, विचार करता करता वेळ घालवणारा राजपुत्र, बापासाठी सापांच्या अख्ख्या कुळावर उठलेला मुलगा, सगळे त्यांनी अंगणात आणून बसवले. म्हणाले, सूड घेणारा माणूस सगळ्यात जास्त वेळ मारण्यात घालवत नाही, वाट पाहण्यात घालवतो. म्हणून सूडकथेत खरा जीव असतो तो मधल्या भागात. शेवट बहुतेक सगळ्यांचा सारखाच, प्रेतांचा ढीग. सूड घेणाराही त्यात पडतो, कारण त्याचं पुढे काय करायचं ते मोठमोठ्या लेखकांनाही सुचत नाही.

मला राहवेना. उभी राहून विचारलं, "सर, समजा तो मेला नाही, तर सूड घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो करतो काय?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं असावं. म्हणाले, "अभिजात साहित्यात सुडाला दुसरा दिवस नसतो, बाई."

किती सुंदर उत्तर! आणि किती चीड आली!

बाहेर पडताना ते फोनवर बोलत होते. "हाव, येऊन राहिलो ना. संभार आनू का?" घरी हाव आणि कोथिंबिरीला संभार, माईकवर परंतु आणि तथापि. बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत मी एकटीच चरफडत होते.

३ नोव्हेंबर, रविवार. पातूर

भाऊबीज. आज तरी काही गोडाधोडाचं ताट मोठेबाबांकडे जाईल असं वाटलं होतं. गेलं कारलं. मी म्हटलं, "आई, सणाचं तरी?" तर म्हणाली, "बिमारीले सन नसते."

दुपारी कुंदन आला. तो दिग्दर्शक, खलनायकाचं कामही तोच करतो, आणि दर्यापूरला त्याचं मोबाईलचं दुकान आहे. अकोल्याला दुरुस्तीचे सुटे भाग आणायला आला होता, म्हणाला, पातूर रस्त्यातच पडतं. पातूर अकोल्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, पण कुंदनला भूगोल कधीच जमला नाही. भाऊबीजेचा मुहूर्त साधून ओवाळून घ्यायला आलास का, असं मी गमतीनं विचारलं तर त्याचा चेहरा पार पडला. भूक लागली असणार.

आई त्याला जेवायला वाढत होती. त्यानं आमच्या कढईतलं कारलं खाल्लं आणि बोटं चाटली. "काकू, हे तं कडूच नाई लागत!"

"मीठ लावून पिळून घेतलं ना. मंग कडू जाते."

मागच्या घरी मोठेबाबांना नेण्यासाठी वेगळ्या पातेल्यात जे होतं, ते त्यानं चाखलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला. "आन् हे?"

"ते नाई पिळा लागत," आई म्हणाली.

आजारी माणसाला मीठ कमी हवं म्हणून असेल. किती बारीकसारीक लक्ष देते!

११ नोव्हेंबर, सोमवार. अकोला

तालमीत आज भूकंप.

'उट्टं'ची गोष्ट सरळ आहे. ऐन सुगीत रुखमीची पिकाची गंजी जाळली जाते. जाळणारा डोमाजी. रुखमी त्याच्याच घरी स्वयंपाकीण म्हणून शिरते, वाट पाहत राहते, आणि एक दिवस भाजीत विष कालवते. रुखमीचं काम करिश्मा करते. आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूस ताठ बसतो. पण ती शहरात वाढली. रुखमीच्या तोंडी पहिलंच वाक्य आहे, "मी सैपाकाले येतो उद्यापासून." ती 'येतो' म्हणाली आणि स्वतःच फिसकन हसली. मग प्रकाशयोजनावाला हसला. मग सगळेच. कुंदनसुद्धा!

कुंदन म्हणाला, "आकांक्षा, येते करून टाक ना. एक मात्रा तं आहे. लोकं हासतीन."

"मग आपण हरलोच!" मी ओरडले. "माझी आई येतो म्हणते. ती विनोद करते का?"

मला रडू आलं, म्हणून मी टेबलावरचे कप उचलायला लागले. कप उचलताना कोणी रडत नाही असं सगळे धरून चालतात. कुंदनने माझ्या हातातून कप घेतले आणि करिश्माला म्हणाला, "ते एका मात्रेचं नाई. येतोच म्हन. पाच हजार वेळा म्हनशीन, तं हासू येनार नाई."

करिश्मा चांगली आहे. ती घरी जाताना रिक्षावाल्यालाही म्हणाली, "येतो बरं दादा."

१६ नोव्हेंबर, शनिवार. अकोला

शेवटच नाही. नवीन लिहिला त्यात डोमाजी मेला, रुखमी मेली, चुकून डोमाजीची बायको मेली. कुंदनने वाचून विचारलं, "मांजर काहून सोडली?"

मला रागही आला आणि हसूही. खरं तर तो म्हणतो ते बरोबर आहे. प्रेतं वाढली की लोक मोजायला लागतात, आणि मोजता मोजता हसतात. मला लोकांनी श्वास रोखायला हवा आहे, आणि माझ्याकडे विषाशिवाय दुसरं काही नाही.

वामनराव डोक्यातून जात नाहीत. दुसरा दिवस नसतो म्हणे!

२४ नोव्हेंबर, रविवार. पातूर

सापडला! शेवट सापडला! आधी लिहून टाकते.

सकाळी आईबरोबर कारली तोडत होते. मांडवाखाली वाकून वाकून कंबर गेली होती. मी सहजच विचारलं, "आई, तुला कधी वाटलं नाही का गं, मोठेबाबांचं उट्टं काढावं?"

आईने कारलं देठापासून खुडलं, हातात फिरवून पाहिलं, टोपलीत टाकलं. "म्या सांगतलं होतं ना त्याईले, पायतो म्हनून?"

"हो, पण मग?"

"मंग काय? पायून राहिलो."

बस. एवढंच. आणि ती पुढच्या वेलाकडे गेली.

मी तिथेच टोपली उलटी करून तिच्यावर बसले. पायतो मी तुले! बघून घेईन तुला, आणि बघेन मी तुझ्याकडे, सांभाळीन. एकच शब्द. म्हाताऱ्या माणसाला कोण पाहते असं आपण विचारतो, आणि पाहून घेईन अशी धमकीही देतो, आणि मी मराठीची मास्तरीण असून मला हे आजवर दिसलं नव्हतं! आई तरी किती भोळी. रागाच्या भरात दिलेली धमकी तिच्या लक्षातही नसेल, पण शब्द दिला होता म्हणून बिचारी पाळते आहे.

मला लगेच समोर दिसायला लागलं. विष काढून टाकायचं. डोमाजीला लकवा झालाय. घरात कोणी उरलं नाही. बाजेवर पडून तो दाराकडे पाहतो आहे. रुखमी वाटी घेऊन येते. त्याच्या डोळ्यांत भीती. ती त्याच्या उशाशी बसते, घास त्याच्या तोंडाशी नेते आणि म्हणते, "पायतो मी तुले." तो तोंड उघडतो. पडदा. वाटीत काय आहे, ते सांगायचंच नाही!

आणि उद्याही ती येणार! परवाही! वामनराव, हा घ्या तुमचा दुसरा दिवस!

आईला मिठी मारली तर म्हणाली, "सरक, वेल तुटते."

२५ नोव्हेंबर, सोमवार. अकोला

वाचन केलं. करिश्माने शेवटचं वाक्य म्हटलं. कुंदन बाजेवरून उठलाच नाही बराच वेळ. मग म्हणाला, "मले खरंच भेव लागला ना बावा."

मी आनंदाने त्याच्या पाठीत गुद्दा मारला. तो लाजला. दिग्दर्शकाने असं लाजून कसं चालेल?

६ डिसेंबर, शुक्रवार. अकोला

जेवण जात नाही. कुंदन उद्या त्याच्या मामाची ओमनी घेऊन आई आणि मोठेबाबांना अमरावतीला आणणार आहे. मोठेबाबांना आणायचं आईनेच ठरवलं. मी म्हटलं, इतक्या लांब त्यांना त्रास होईल. तर म्हणाली, "त्याईले पाहू दे." चांगुलपणाची हद्द आहे.

पण खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती वाटते. उद्या कोणी हसलं तर मी पुन्हा लिहिणार नाही. हे कोणाला सांगितलेलं नाही, फक्त इथे लिहिते. आई वीस लोकांत, हजार लोकांत जशी बोलते तशी मी रंगमंचावर आणली आणि लोक त्यावर खिदळले, तर ते माझ्या नाटकाला नाही, तिला हसले असं होईल. गेल्या वर्षी ती सभागृहात नव्हती. उद्या असेल.

७ डिसेंबर, शनिवार. अमरावती

कुठून सुरू करू!

सभागृह भरलं होतं. मी विंगेत उभी. तिथून तिसऱ्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत मोठेबाबा दिसत होते, शेजारी आई, डोक्यावर पदर. पुढच्या रांगेत वामनराव, मांडीवर कागद.

पडदा उघडला. "मी सैपाकाले येतो उद्यापासून." मी डोळे मिटले. मागून कुठून तरी थोडी खसखस आली, तेवढीच. करिश्मा थांबली नाही. तिनं पुढचं वाक्य असं टाकलं की ती खसखस तिथेच मेली. गंजी कशी जळाली ते रुखमी सांगते, तेव्हा एक बाई मोठ्यानं "अगाई!" म्हणाली. मला तिला जाऊन भेटावंसं वाटलं.

शेवट. कुंदन बाजेवर. एकच दिवा. करिश्मा वाटी घेऊन आली, बसली, घास उचलला. सगळं सभागृह पुढे झुकलेलं.

"पायतो मी तुले."

शांतता! अशी शांतता की वरचा पंखा ऐकू यावा! कोणी हसलं नाही! मी जिंकले असं मनात म्हणणार, तेवढ्यात एक माणूस हसला.

खोल, घशातून, खर्रखर्र. थांबेचना. मोठेबाबा! वाकड्या तोंडाने, खुर्चीचा हात आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. आई त्यांना गप्प करेल म्हणून मी पाहिलं, तर तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. बिचारी लाजेनं रडत होती. मला तर वाटलं, धावत जाऊन खुर्ची बाहेर ढकलावी. सगळ्या जगात एकच माणूस हसला आणि तो आमच्याच घरचा!

पडदा पडला. टाळ्या पडल्या, खूप पडल्या, पण मला काही ऐकू येत नव्हतं.

मग वामनराव माईकशी आले. कागद हातात होता, त्यावर न पाहताच बोलायला लागले. "गतवर्षी मी एक विधान केलं होतं." चष्मा पुसला. "या शेवटावर एकच गृहस्थ हसले. ते हसले नसते तर मी याला चांगला शेवट म्हटलं असतं. पन ते हसले ना, तवा मले... तवा मले खरा घाम फुटला."

मले! वामनराव माईकवर 'मले' म्हणाले! दोनदा! आणि सभागृहात एकही माणूस हसला नाही. पुढे ते मोठेबाबांच्या हसण्याबद्दल आणखी काही बाही बोलले, मी ऐकलं नाही, मी कुंदनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. घेतला! सूड घेतला! अगदी पुरा!

लेखनाचं पहिलं बक्षीस. नाटकाला दुसरं. कुंदन म्हणाला, पातूरला सोडून देतो, रस्त्यातच आहे.

८ डिसेंबर, रविवार. पातूर

सुडाचा दुसरा दिवस. पाहा, असतो तर!

उशिरा उठले. आई सकाळपासून चुलीशी होती. वांगी भाजून, कांद्याची पात घालून भरीत केलं होतं, वर कळण्याची भाकर. मोठेबाबांचा जीव आहे भरतावर. मी विचारलं, "आज कारलं नाही?" तर म्हणाली, "झालं आता. किती दिवस?"

काल त्यांच्या हसण्याची लाज गेली नसावी, म्हणून जास्तच प्रेमानं करत असेल असं मला वाटलं. तिच्याबरोबर मीही ताट घेऊन मागच्या घरी गेले. कालच्या प्रकाराबद्दल मोठेबाबांना दोन शब्द सुनवायचेच होते.

आईने ताट ठेवलं. चौकटीला सांगितलं, "जेवून घ्या म्हना." मोठेबाबांनी भरताकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आणि चांगल्या हाताने ताट सरकवून दिलं. लांब. भाकर खाली पडली.

"का..." ते म्हणाले. ओठ जुळेनात. घाम आला. "का... ले..."

लकवा झाल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द! मी तर नाचायचीच राहिले. कालचं म्हणत होते, कालचं नाटक! माझ्या नाटकानं त्यांना वाचा दिली! मी आईला म्हटलं, "बघ, काल काल म्हणतायत."

आई माझ्याकडे पाहतही नव्हती. ती त्यांच्याकडे पाहत होती, सरळ तोंडाकडे. पदर खांद्यावर उतरला होता आणि तिनं तो वर घेतला नाही.

"खाशीन?" तिनं विचारलं. चौकटीला नाही. त्यांना.

मोठेबाबांनी मान हलवली. वाकड्या ओठाच्या कोपऱ्यातून कालच्यासारखंच काहीतरी खर्रखर्र आलं.

"थांब मंग," आई म्हणाली. "देतो करून."

ती घरी आली, टोपलीतून दोन कारली काढली आणि चिरायला बसली. मी दारात उभी राहून कुंदनला फोन लावत होते, वाचा आल्याची बातमी सांगायला. पाहते तर तिनं चकत्या तशाच कढईत टाकल्या.

"आई, मीठ लावून पिळायचं राहिलं ना."

"राहू दे," ती म्हणाली. "त्याले तसंच लागते."